वर केलेला हात

रविवारी शर्यत असली की दादा शुक्रवार संध्याकाळपासून माझ्याशी बोलणं बंद करायचे. भांडण नाही, रुसवा नाही. पंच स्पर्धकाशी बोलत नाही, एवढंच. आता तो पंच आणि ही स्पर्धक बापलेक असतील, भांडुपच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहत असतील, एकाच मोरीत आंघोळ करत असतील, तर काय करायचं हे नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. म्हणून दादांनी स्वतःचा नियम काढला. मी समोर ताटावर बसलेली असायची आणि ते आईला सांगायचे, "तिला इचार, भाकरी पायजे का अजून." आई म्हणायची, "तिला कान हायत, तुमाला तोंड हाय. मी काय पोस्टमन हाय व्हय?" पण विचारायची. मग मी आईकडे बघून म्हणायची, "त्यांना सांग, अर्धी चालेल." शेजारच्या काकू भिंतीपलीकडून हसायच्या. चाळीच्या भिंतींना कुठलीच गोष्ट अडायची नाही.

माझं नाव करुणा. बारशाला सगळ्यांनी कौतुक केलं, पण स्वभाव पहिल्यापासून हा असा, भडक. आई म्हणायची, नाव ठेवायची घाईच झाली. तर हे प्रकरण मी रागातच लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते, नंतर कुणी तक्रार करायला नको. माझी मुलगी म्हणते, "मम्मी, किती वर्षं झाली, आता सोड ना यार." नाही सोडत. का सोडू? गुडघे दुखतात, साखर वाढते, चष्म्याचा नंबर बदलतो, सगळं बदलतं, आणि हा राग मात्र जागचा हललेला नाही. त्याला मी काय करू?

दादा कंपनीत फिटर होते. टेकडीपलीकडच्या तलावावर होड्यांचा क्लब होता, तो खरा साहेब लोकांचा. पण कंपन्या-कंपन्यांच्या शर्यती लागल्या की वल्ही मारायला साहेबांचे दंड पुरत नसत, मग कामगारांतले धिप्पाड गडी उचलून नेत. दादा त्यातले. कराडकडचा माणूस, लहानपणी नदीत डुंबलेला, पाण्याची भीती म्हणून नाही. पुढे गुडघा गेला, होडीत बसणं थांबलं. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. दादांनी पंचाची परीक्षा दिली, तीही इंग्रजीत. रात्रपाळीहून आले की बुद्धाच्या तसबिरीखाली बसून ते पुस्तक वाचायचे, अडलेले शब्द मला विचारायचे. पास झाले आणि क्लबच्या पंचांमध्ये पहिला कामगार म्हणून बसले. त्यांना काम दिलं सुरुवातीचं, म्हणजे शर्यत सोडायचं. झेंडा त्यांच्या हातात. मला आठवतं, त्या दिवशी त्यांनी चाळीत पेढे वाटले होते, आणि आईने सगळ्यांना सांगितलं होतं की आता आमच्या ह्यांनी 'गो' म्हटल्याशिवाय साहेबाचं पोरगंसुद्धा हलत नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी घरात लग्नघाई असायची. आधी झेंडा. लाल कापडाचा तो झेंडा दादा स्वतः धुवायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत, भाताच्या पेजेची खळ करून त्याला द्यायचे आणि तांब्यात निखारे भरून त्यानेच इस्त्री करायचे. झेंडा मऊ पडला तर वाऱ्यात गुंडाळतो आणि लांबच्या होडीला तो खाली आलेला दिसत नाही, हे त्यांचं म्हणणं. मग घसा. मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या, इतक्या मोठ्याने की मोरीत म्हैस शिरली आहे असं वाटावं. मग पत्र्याचा भोंगा घेऊन ते गॅलरीत उभे राहायचे आणि सराव करायचे. "अटेन्शन!" म्हणायचे, थांबायचे, आणि मग "गो!" दोन्हींमधलं थांबणं दर वेळी वेगळं असायला हवं, नाहीतर मुरलेले खेळाडू अंदाजाने आधीच वल्हं मारतात. चाळीतली पोरं जिन्यापाशी ओळीने वाकून उभी राहायची आणि 'गो' झालं की धूम पळायची. एखादं पोर आधीच पळालं की दादा ओरडायचे, "परत ये! फाउल!" आणि ते पोरगं गुमान परत यायचं. आई आत सुकटीची चटणी भाजत असायची, सगळ्या मजल्यावर तो वास, आणि त्यात हे "अटेन्शन, अटेन्शन".

ती चटणी आणि भाकरी दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी. शर्यतीच्या दिवशी दादा कुठल्याही संघाच्या तंबूतला चहासुद्धा प्यायचे नाहीत. बाकीचे पंच प्यायचे, समोसे खायचे, खेळाडूंच्या पाठीवर थापा मारायचे, त्यांचं कुणी काही म्हणत नव्हतं. दादा मात्र झाडाखाली डबा उघडून बसायचे. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, ते एकटेच का म्हणून? बाकीच्यांनी समोसे खाऊनही ते स्वच्छ, आणि ह्यांनी भाकरी खाऊन रोज नव्याने स्वच्छता सिद्ध करायची? हे काय चाललं होतं, आणि ते कुणालाच कसं दिसलं नाही?

मी होडी शिकले ती त्यांच्यामुळेच. साताठ मुली होतो क्लबात, बाकीच्या सगळ्या अधिकाऱ्यांच्या. मी एकटीची होडी चालवायची, जिला आम्ही सिंगल म्हणायचो. लांबलचक, हातभर रुंद, जराशी शिंकलात तर उलटेल अशी. त्या वर्षी मी बारावीत होते. राज्याच्या संघात मुलींच्या सिंगलला एकच जागा, आणि ती मी सांगते आहे त्या रविवारच्या शर्यतीत जी पहिली येईल तिची. राज्याच्या संघात गेलं की खेळाडूंच्या कोट्यातून बँकेत नाहीतर रेल्वेत नोकरी धरलेली असायची. आमच्या घरात तोपर्यंत कुणी खुर्चीवर बसून काम केलं नव्हतं. आई तर बँकेत नेसायची साडी कुठली, इथपर्यंत पोचली होती. आणि मी जिंकणार होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सरावाला मी रोज पुढे असायची, सगळ्या क्लबाला ठाऊक होतं. शलाका म्हणून एक मुलगी होती, चांगली होती, माझी मैत्रीणही होती, ती तेवढी माझ्या जवळपास यायची.

रविवारी पहाटे दादा आणि मी टेकडी ओलांडून गेलो, ते पुढे, मी मागे, न बोलता. तलावावर अजून धुकं होतं. मी वल्ह्यांना ग्रीस लावत बसले आणि दादांचं काम बघत राहिले. मला ते बघायला फार आवडायचं. सुरुवातीच्या रेषेवर बांबूचे तराफे असत, गोणपाटात दगड भरून नांगरलेले. प्रत्येक तराफ्यावर एक माणूस पालथा झोपतो आणि होडीचं मागचं टोक हातांनी धरून ठेवतो, म्हणजे सगळ्या होड्या एका रेषेत राहतात. दादा बोटीतून एकेका तराफ्यावर जायचे, दोर ओढून बघायचे, ढिला असेल तर आवळायचे. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या खांबाशी रेष जुळवायचे. काठीला दोरा बांधून वारा बघायचे. मग होड्या. नाकावरचा रबरी चेंडू घट्ट आहे ना, होडीतच बसवलेल्या बुटांच्या टाचेची दोरी बरोबर आहे ना, कारण होडी उलटली तर पाय सुटले पाहिजेत. सगळ्यांच्या होड्या त्यांनी एकदा तपासल्या. माझी दोनदा. मला वाटलं काळजी आहे. काळजी कसली डोंबलाची! बघणाऱ्यांनी बघावं म्हणून.

मग ते चीफकडे गेले. चीफ म्हणजे सगळ्या पंचांचे प्रमुख, कंपनीतले बडे साहेब. दादा त्यांच्याशी पुस्तकातलं मराठी बोलायचे. "साहेब, मुलींच्या सिंगलला माझी मुलगी आहे. तेवढी एक शर्यत दुसऱ्या कुणी सोडावी, अशी विनंती आहे." मी पाच-सहा पावलांवर होते, मला सगळं ऐकू येत होतं. चीफच्या हातात चहा होता. ते हसले. म्हणाले, "अहो रोकडे, काहीतरीच काय! आमचा पूर्ण विश्वास आहे तुमच्यावर. तुम्ही काही तुमच्या माणसांना झुकतं माप देणार नाही." आजूबाजूचे दोघंतिघं हसले. दादाही हसले. तुमच्या माणसांना. तुमच्या मुलीला म्हणाले असते तर मी आज हे लिहिलं नसतं कदाचित. दादांना त्यातला काटा कळला नाही असं कुणाला वाटत असेल तर तो आमच्या दादांना ओळखत नाही. त्यांना कळला, आणि तरी ते हसले.

नियम असा होता. होड्या रेषेवर आल्या की शर्यत सोडणारा एकेकीचं नाव पुकारतो. ज्याची होडी तिरकी झाली असेल किंवा जो तयार नसेल त्याने हात वर करायचा. हात वर असेपर्यंत 'अटेन्शन' म्हणायचं नाही. सिंगलमध्ये हात वर करणं सोपं नसतं, दोन्ही वल्ह्यांच्या मुठी एका हातात धराव्या लागतात. दादा मला शिकवताना सांगायचे, "हात वर आला म्हणजे माणूस बोलतोय. त्याचं आधी ऐकायचं. शर्यत कुठं पळून जाती का?" आणि ते खरोखर ऐकायचे. त्या सकाळी मुलग्यांच्या शर्यतीत एका कॉलेजच्या पोराने हात वर केला, त्याचा बूट सुटला होता. दादा थांबले. त्याने बूट बांधला, परत हात वर, आता त्याची टोपी डोळ्यांवर आली. सगळे वैतागले. दादा थांबले. टोपीसाठी थांबले हो! लक्षात ठेवा.

आमची पाळी आली तोवर ऊन चढलं होतं आणि टेकडीवरून आडवा वारा सुटला होता. माझा तराफा सगळ्यात कडेला. माणूस मागून घट्ट धरून होता, पण पुढचं टोक वारा ढकलत होता. मी उजव्या वल्ह्याने हलकेच टोक सरळ केलं, परत वळलं, परत केलं. दादांनी नावं पुकारली. माझंही पुकारलं, "रोकडे," भोंग्यातून, परक्या माणसाचं पुकारावं तसं. तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला आणि माझी होडी पार शलाकाच्या होडीकडे तोंड करून उभी राहिली. मी मुठी एका हातात धरल्या आणि दुसरा हात सरळ वर केला.

दादांनी माझ्याकडे बघितलं. हे मी शपथेवर सांगते. भोंगा तोंडाशी होता, झेंडा वर होता, आणि त्यांचे डोळे माझ्या हातावर होते. मग त्यांनी मान वळवली, जिथे पंचांची बोट उभी होती त्या बाजूला. आणि म्हणाले, "अटेन्शन."

मला खरंच वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. हात वर होता अजून. "गो!" झेंडा खाली. बाकीच्या निघाल्या. मी हात खाली घेतला, मुठी पकडल्या, आधी होडी सरळ केली आणि मग मारायला लागले. रडत नव्हते, शिव्या देत होते, तोंडात येतील त्या. अर्ध्या वाटेत दोघींना मागे टाकलं. शेवटी फक्त शलाका पुढे उरली आणि शेवटच्या रेषेवर ती माझ्यापुढे अर्धी होडी होती. अर्धी होडी! सुरुवातीला माझं जेवढं अंतर गेलं त्याच्या कितीतरी कमी.

आता मोबाईल असतात, काठावरचा प्रत्येक जण व्हिडिओ घेत असतो. नातू मला मॅचचे रिप्ले दाखवतो, एकच चेंडू दहा बाजूंनी. तेव्हा ह्यातलं काही नव्हतं. माणसांचे डोळे होते फक्त. ते कुठे बघायचं आणि कुठे नाही, हे माणसं ठरवत होती.

शलाका धापा टाकत माझ्याकडे वळली. "करुणा, तुझा हात वर होता ना गं?"

"होता."

"मी पाहिला," ती म्हणाली.

शर्यतीमागून येणारे पंच त्यांच्या मोटरबोटीत उभे होते. कुणाचा आक्षेप असेल तर काठाला जाण्याआधी तिथेच, पाण्यातच, हात वर करायचा असतो. नंतर बोलून उपयोग नाही. त्यांनी पांढरा झेंडा उचलायला घेतला. पांढरा वर गेला की शर्यत रीतसर झाली. मला कळत होतं की आता हात वर केला तर तो माझ्या बापाविरुद्ध जाणार. पंचावर आक्षेप म्हणजे त्यांच्या त्या खळ दिलेल्या झेंड्यावर आक्षेप. मला आईची साडी आठवली, काय काय आठवलं. आणि मी हात वर केला. ह्या वेळी तो बघावाच लागला.

तंबूत चीफ आणि आणखी दोन पंच टेबलामागे बसले. मी ओल्या कपड्यांत उभी. दादांना सुरुवातीच्या रेषेवरून बोटीने आणलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चीफ म्हणाले, "रोकडे, ही म्हणते हिचा हात वर होता आणि तुम्ही शर्यत सोडलीत. तुम्हाला हात दिसला होता?"

मला वाटलं, आता हे 'नाही' म्हणणार. म्हटलं असतं तर संपलं असतं. ऊन होतं, पाणी चमकत होतं, नाही दिसला. कुणी एक शब्द विचारला नसता. दादांनी दोन्ही हातांत झेंडा धरला होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिसला होता."

"दिसला होता? मग थांबवलं का नाही?"

ह्यावर ते काय सांगणार होते? तुम्ही सकाळी हसलात म्हणून? तुमची माणसं म्हणालात म्हणून? त्यांनी झेंड्याची घडी घालायला घेतली. चीफ बाजूच्यांकडे वळून म्हणाले, "म्हणजे मुलगी हरल्यावर दिसला." दुसरे म्हणाले, "बाप आहे हो. म्हणणारच." आणि ते हसले. वाईट हसले असंही नाही. समजून घेतल्यासारखे हसले, तेच मला आजही जाळतं.

मी म्हणाले, "शलाकाने पाहिलाय माझा हात. तिला विचारा." शलाका तंबूच्या दाराशीच उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माझं लक्ष समोर होतं, सर," ती म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. पुढे ती राज्याच्या संघात गेली, बँकेत लागली, मोठ्या पदावरून निवृत्त झाली. मी मुलुंडच्या एका कारखान्यात टायपिस्ट झाले. मधे एका लग्नात भेटली, गळ्यात पडली, म्हणाली, किती छान दिवस होते ना ते. मी म्हटलं, तुझ्यासाठी होते.

आक्षेप फेटाळला. चीफ उठता उठता दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही दमलायत, रोकडे. दुपारच्या शर्यती दुसरं कुणीतरी सोडेल." सकाळी जे मागितलं होतं ते दुपारी दिलं, मेल्याने! दादांनी "बरं साहेब" म्हणून झेंडा टेबलावर ठेवला. त्यानंतर क्लबाने त्यांना परत कधी बोलावलं नाही, आणि ते कुणाला विचारायलाही गेले नाहीत.

टेकडी चढताना मी पुढे आणि ते मागे होते. डबा तसाच भरलेला होता, त्यातल्या चमच्याचा आवाज येत होता. वर पोचल्यावर त्यांचा गुडघा भरून आला, ते दगडावर बसले. खाली आमचं भांडुप दिसत होतं, पत्रे, चिमण्या, कंपनीची भिंत. मी उभीच राहिले. मला वाटत होतं त्यांनी काहीतरी म्हणावं, आणि म्हटलं तर मी त्यांना फाडून खाणार होते.

"बघितलंस?" दादा म्हणाले. "बघितलंस ना, कसं बोलतात ते? तुझ्यासाठी थांबलो असतो तर हेच म्हणाले असते. पोरीसाठी थांबला. म्हणून न्हाई थांबलो मी."

माझा आवाज इतका चढला की रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. "पण म्हणालेच की, दादा! तुम्ही नाही थांबलात, तरी म्हणालेच की! ते म्हणणारच होते. मग थांबायचं तरी होतंत!"